रिकाम्या ताटलीतली मादी

"नर की मादी?" थोरले हसले. "बाई, माझे डोळे बांधा, हातात मोजे घाला, वर एका पायावर उभं करा. या खाडीतली कुठलीही कोळंबी माझ्या हातात द्या. ती कोण, नर का मादी, आणि मादी असेल तर पोटुशी आहे की नाही, ते तिला कळायच्या आधी मी सांगतो. चुकलो तर मिशी उतरवून देईन."

"त्याचसाठी आलेय मी," कोळंबीची पिल्लं काढणाऱ्या हॅचरीच्या बाई म्हणाल्या. "गेल्या खेपेला तुम्ही ज्या माद्या पाठवल्यात ना, ते सगळे नर निघाले."

शेडमध्ये हवेचा पंप घरघरत होता. तो नसता तर शांतता पसरली असं म्हणता आलं असतं.

"सगळे?" थोरल्यांनी विचारलं.

"सगळे. आम्ही त्यांना अंधारी खोली दिली. पाणी कोमट ठेवलं. शिंपल्यांतलं मांस बारीक करून भरवलं. माझी माणसं टाकीपाशी पाळ्या लावून बसली, कुणी चप्पलसुद्धा वाजवायची नाही म्हणून अनवाणी. बाळंतपणाची अगदी जय्यत तयारी. आणि आत बघतो तर नुसते बाप्ये."

शेडच्या दाराशी जाळं सांधत बसलेल्या धाकट्या भावाने मान आणखी खाली घातली. त्याच्या बायकोने मात्र घातली नाही. ती धाकट्या घरची आणि थोरल्या घराशी तिचं बोलणं हिशोबापुरतं, पण आज ती मुद्दाम पदर खोचून आली होती. तमाशा पुढच्या रांगेतून बघायचा, असं तिने ठरवलेलंच होतं.

थोरल्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. उंच स्टुलावर बसून इतकी वर्षं त्यांनी माणसांच्या डोक्यांवर नजर टाकली होती. खाडीतल्या सगळ्यांनी आपापली पकड या लांब टेबलावर आणून ओतायची, आणि स्टुलावरच्या माणसाने बोट दाखवायचं: ही हॅचरीत, ही बाजारात, ही परत पाण्यात. आधी वडील बसत, मग थोरले. त्या स्टुलाची उंची इतकी होती की त्यावरून बोललेलं सगळं आपोआप खरं वाटायचं.

आता खरी गोष्ट अशी, की थोरल्यांना गेली दोन वर्षं टेबलावरचं धड दिसत नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, साधं ऑपरेशन आहे. थोरले म्हणाले होते, बघू. पारख करणाऱ्याने डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं हे खाडीभर कळलं तर काय राहिलं? आणि बोटांचं म्हणाल, तर आयुष्यभर बर्फात राहून बोटं अशी झाली होती की त्यांना चहाचा कप गरम आहे हे चहा पिऊन झाल्यावर कळायचं.

हे घरात दोघांनाच माहीत. मुलाला आणि सुनेला. तोडगा सुनेचाच. ती बादलीशी बसायची आणि नखाने बादलीच्या काठावर हळूच टिचकी मारायची. एक टिचकी म्हणजे पांढरी, बाजारातली साधी कोळंबी. दोन म्हणजे टायगर, अंगावर वाघासारखे पट्टे असलेली मोठी कोळंबी, त्यातला नर. तीन म्हणजे टायगर, भरलेली मादी. टिचकी नाही म्हणजे परत पाण्यात. पंपाच्या घरघरीत ती टिचकी फक्त ज्याने ऐकायची त्यालाच ऐकू यायची. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. गेल्या खेपेच्या आठवड्यात सून माहेरी गेली होती, एवढंच.

"थंडीचा परिणाम असेल," थोरले म्हणाले.

"थंडीने माद्यांचे नर होतात?" बाईंनी अगदी सभ्यपणे विचारलं.

"बाबांना म्हणायचंय, वाहतुकीत अदलाबदल झाली असेल," मुलगा मध्ये पडला. तो नेहमी मध्ये पडायचा, आणि नेहमी चुकीच्या जागी.

"मला भांडायचं नाही," बाई म्हणाल्या. "हंगाम सुरू झालाय. स्टुलावर कोण बसणार ते मला आज ठरवून जायचंय. तुमचं घर नको असं नाही. पण माणूस बदलायचा असेल तर आजच."

धाकटी याच वाक्याची वाट बघत होती. "माणूस आहे की घरात. दाराशी बसलाय. त्याला मात्र एका पांढरीपायी या टेबलावरून उठवलं होतं."

"अगं, जाऊ दे," धाकटा जाळ्याकडे बघत म्हणाला.

"काय जाऊ दे? टायगरच्या ढिगात एक पांढरी राहिली, तर भावोजींनी ती मिशांना धरून शेडभर फिरवली. 'बघा, आमच्या बंधुराजांना ही वाघीण वाटली.' सगळी खाडी हसली. तेव्हापासून माणूस कमरेइतक्या चिखलात उभा राहतो, जाळं फेकतो, आणि आणलेलं दारात ठेवून बाहेर बसतो. आणि इथे सगळेच्या सगळे नर गेले, तर थंडीचा परिणाम."

थोरल्यांनी त्या दिवसाची आठवण वेळोवेळी अशी घासूनपुसून ठेवली होती की तीत ते शिस्तप्रिय दिसत. आज बाईंच्या समोर ती उघडल्यावर आत भलतंच निघालं. ते घाईघाईने म्हणाले, "मग परीक्षा घ्या. आत्ता. धाकट्याने सकाळी आणलेली बादली तशीच आहे. मी डोळे मिटतो."

"डोळे मिटून?" बाईंच्या भुवया वर गेल्या.

"उघडे ठेवले तर तुम्ही म्हणाल, बघून सांगितलं."

मुलाने सुनेकडे पाहिलं. सुनेने पदराला हात पुसले आणि बादलीशी जाऊन बसली. "मी हवेची नळी धरते," ती कुणाला तरी म्हणाली.

"ताटलीत आमचे हे ठेवतील," धाकटी म्हणाली. "सूनबाई नको."

"ठेवू दे," थोरले उदारपणे म्हणाले. उदार व्हायला त्यांना सुनेचा आधार होता.

धाकटा आत आला. कितीतरी वर्षांनी तो टेबलाच्या या बाजूला उभा राहिला, आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला सुचेना. मग त्याने बादलीत हात घातला आणि स्टीलच्या ताटलीत एक कोळंबी ठेवली.

टक.

थोरल्यांनी एक बोट पुढे केलं, कोळंबीच्या पाठीवरून फिरवलं, आणि जरा थांबले. थांबणं हा त्यांच्या कलेचा भाग होता. "पांढरी. डोक्यावरचा काटा लांब आहे, सरळ आहे. बाजारात जाऊ दे."

बाईंनी वाकून पाहिलं. "बरोबर."

दुसरी आली. टक टक टक.

"टायगर," थोरले म्हणाले. "काट्याला वर दात आहेत, खालीही आहेत. खाली दात नसते तर ती दुसरी कोणी असती. मादी आहे. भरलेली आहे."

बाईंनी पर्समधून छोटी बॅटरी काढली आणि कोळंबीच्या खालून उजेड पाडला. पाठीतून डोक्यापासून शेपटीपर्यंत हिरवट काळी पट्टी गेलेली दिसली. अंड्यांची. बाई पहिल्यांदाच हसल्या. "वा. एवढी भरलेली तर माझ्याकडेसुद्धा पटकन कुणी ओळखत नाही."

थोरले स्टुलावर जरा सरळ बसले. धाकटीचा चेहरा पडला. तिने खोचलेला पदर सोडला आणि परत खोचला. थोरल्यांना ते दिसलं नाही, पण कळलं. अशा गोष्टी त्यांना डोळे मिटूनही खरोखर कळत. त्यांच्या मनात आलं, की बहुतेक आपल्याला टिचक्यांची गरजच नाही. टिचक्या ही सुनेची एक सवय आहे, आणि तिचं मन मोडू नये म्हणून आपण त्या ऐकतो.

आता त्या बादलीत काय होतं ते सांगायला हवं. धाकट्याने ओहोटीला खाडीच्या काठच्या चिखलात जाळं फेकलं होतं, आणि जाळ्याबरोबर चिखलाने भरलेला एक मोठा शिंपला आला होता. शिंपल्यात एक पाहुणी होती. कोळंबीचीच भावकी, बोटाच्या पेराएवढी, बिळात राहणारी, जिची एक नांगी बेताची आणि दुसरी अंगाच्या मानाने भलती मोठी असते. ती मोठी नांगी ती फटकन मिटते आणि टिचकीसारखा आवाज होतो. त्या आवाजाने ती शिकार गुंगवते म्हणतात. खाडीवरच्या शेंबड्या पोराला ही माहीत असते. पण ती शिंपल्यात होती, शिंपला चिखलात होता, आणि चिखल बादलीच्या तळाशी होता.

धाकटा तिसरी कोळंबी निवडायला वाकला. त्याचा हात शिंपल्याला लागला.

टक. टक टक.

"टायगर," थोरले लगेच म्हणाले. या वेळी थांबण्याचीही त्यांना गरज वाटली नाही. "मादी. वयाने लहान आहे. पहिलटकरीण."

कुणी काही बोललं नाही.

थोरल्यांना वाटलं, सगळे थक्क झाले. त्यांनी बोट पुढे करून ताटलीच्या मधोमध हवेत फिरवलं. "डोकं इकडे. शेपूट तिकडे. कवच मऊ आहे बघा, नुकतीच कात टाकलेली दिसते." तरी कुणी बोलेना. मग त्यांनी डोळे उघडले. समोर नेहमीसारखा एक चकचकीत पांढुरका ढग होता, आणि त्यात काहीतरी असणारच, कारण ताटलीत काहीतरी असतंच. त्यांनी ताटली दोन्ही हातांनी उचलून बाईंच्या नाकाखाली धरली. "लावा तुमची बॅटरी. पट्टी बारीक असेल, पण आहे."

बाईंनी बॅटरी लावली नाही. त्या ताटलीकडे आणि मग थोरल्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिल्या.

"भावोजी," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज तिला हवा होता तसा कडक निघाला नाही. "ताटली रिकामी आहे."

लाज वाटते तेव्हा माणूस लहान होतो म्हणतात. थोरल्यांना तो अनुभव आला नाही. ते होते तेवढेच राहिले, उंच स्टुलावर, सगळ्यांना नीट दिसतील असे, हातात रिकामी ताटली धरून. ती खाली ठेवावी तर आवाज होईल, आणि धरून ठेवावी तर काय सांगायचं.

"ठेवली होती मी," धाकटा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"ठेवली होती. उडाली. टायगर उडते, बाईंना माहीत आहे. दादांनी बरोबर सांगितलं. पहिलटकरीणच होती."

"कधी ठेवलीत?" धाकटीने विचारलं. "मी डोळे फाडून बघत होते."

"तू पदर खोचत होतीस."

"पदर खोचायला मी डोळे वापरत नाही."

"टेबलाखाली गेली असेल," धाकटा म्हणाला आणि सरळ गुडघ्यांवर बसला. त्याच्या मागे मुलगा बसला, कारण त्याला सुटका दिसली. बाईंनी क्षणभर विचार केला, साडी आवरली, आणि त्याही ओल्या फरशीवर वाकल्या. भरलेली टायगर फरशीवर मरू द्यायची हे त्यांच्या शिक्षणात बसत नव्हतं. धाकटी खोटं पकडायला म्हणून खाली बसली. असे सगळे नसलेल्या कोळंबीच्या शोधाला लागले, आणि तिचं वर्णन ज्यांनी केलं त्यांना स्टुलावर बसून राहणं बरं दिसेना. थोरले उतरले, आणि टेबलाखाली शिरले.

तिथे अंधार होता, खवल्यांचा वास होता, आणि समोर एक धूसर गोल होता. तो धाकटा होता.

"ठेवली होतीस?" थोरल्यांनी हळूच विचारलं.

"नाही."

"मग?"

"शोध गप."

दोघांनी थोडा वेळ फरशी चाचपली.

"कधीपासून दिसत नाही, दादा?"

थोरले फरशीच चाचपत राहिले. त्यांना धाकट्याने शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. शिव्यांना तोंड देता येतं, उलट देता येतात. पण ज्याच्या चुकीची कोळंबी आपण मिशांना धरून शेडभर फिरवली, त्याने आपल्यासाठी चौघांत खोटं बोलावं, आणि तेही इतकं वाईट, इतकं सहज पकडलं जाईल असं? टेबलाखाली वाकून बसलेल्या माणसाला रडू येण्याआधी खोकलाच येतो, तसा तो त्यांना आला.

"खोकू नकोस," धाकटा म्हणाला. "त्यांना वाटेल सापडली."

"सापडली," वरून मुलाचा आवाज आला.

मुलाने आपल्या बुद्धीप्रमाणे वडिलांना वाचवलं होतं. सगळे खाली असताना त्याने बादलीत हात घालून जी पहिली वळवळ लागली ती मुठीत धरली, फरशीवरून उचलल्यासारखं केलं, आणि मूठ उंच धरली. "इथे होती, बर्फाच्या पेटीमागे. हीच ती."

त्याने मूठ उघडली. पेराएवढी ती पाहुणी एक नांगी फुगवून तळहातावर बसली होती. बाई उठून बघायला पुढे आल्या. पाहुणीला ते आवडलं नाही.

टक. टक.

"टायगर," टेबलाखालून थोरल्यांचा आवाज आला. "नर."

या वेळी पंपाची घरघरसुद्धा जरा कमी झाल्यासारखी वाटली.

"मामंजी," सून म्हणाली. ती रडवेली झाली होती. "मामंजी, ती मी नव्हते."

बाईंनी तळहातावरच्या त्या जिवाकडे पाहिलं. मग बादलीकडे. मग बादलीच्या काठावरच्या सुनेच्या बोटाकडे, जे अजून टिचकीच्या तयारीत वाकलेलं होतं. त्यांनी गुडघ्यांवरचं पाणी पुसलं, दोन वेळा, जिथे पाणी नव्हतं तिथेही.

थोरले बाहेर आले, आणि येताना टेबलाची कड डोक्याला लागली. कुणी हसलं नाही. खाडीभरच्या माणसांना त्यांनी या शेडमध्ये हसायला लावलं होतं, आणि आज हसण्याची एवढी सोय झालेली असताना एकही माणूस हसेना. हे फारच झालं.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "मोतीबिंदू आहे. सूनबाईचा दोष नाही. तिने पाठवलेल्यांत एकही नर गेला नाही. तो आठवडा माझा होता."

"मला सांगायचंत," बाई म्हणाल्या.

"कुठल्या तोंडाने?"

बाईंनी बॅटरी पर्समध्ये टाकली. "मग स्टुलावर..." त्या धाकट्याकडे वळल्या.

धाकटा दारातल्या जाळ्याकडे बघायला लागला. "दादा असताना मी नाही बसणार."

"बस," थोरले म्हणाले.

"नको."

"बस म्हणतो ना. ते... त्या दिवशी मी ती पांढरी शेडभर... म्हणजे, ते जे झालं ते..."

"राहू दे, दादा."

"राहू दे काय?" धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि त्याचा तिला राग आला होता. "भावोजी, वाक्य पुरं करा. मी इतकी वर्षं ते ऐकायला थांबलेय."

थोरल्यांनी ताटली शोधली. हातात काहीतरी धरायला हवं होतं. ती सापडली नाही. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"पंप चालू आहे. ऐकू आलं नाही."

"चुकलं माझं," थोरले मोठ्याने म्हणाले. इतक्या मोठ्याने, की बाहेर धक्क्यावर पकड घेऊन उभी राहिलेली माणसं वळून बघायला लागली. थोरल्यांना ती माणसं दिसत नव्हती, पण ती तिथे आहेत आणि बघताहेत हे त्यांना पुरेपूर दिसलं.

धाकटीने नाक पुसलं. "मिशी ठेवा," ती म्हणाली. "ती उतरवलीत तर आणखी बघवणार नाही." मग बाईंकडे वळून एकदम वकिली थाटात म्हणाली, "आणि बाई, आता यांना काही बोलायचं नाही. घरचं माणूस आहे. आम्ही बोलू काय बोलायचं ते."

असं ठरलं. धाकटा स्टुलावर बसेल, शेजारी खुर्ची टाकून सून बसेल, आणि आता टिचकी नाही, तोंडाने बोलायचं. थोरल्यांनी पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे जायचं कबूल केलं. सून म्हणाली, मी घेऊन जाते. धाकटी म्हणाली, मी पण येते, नाहीतर ते दवाखान्याच्या दारातून परत फिरतील. दोघी सासू-सुनांसारख्या नव्हे, तर एकाच कामावर लावलेल्या दोन शिपायांसारख्या एकमेकींकडे बघून मान हलवत होत्या.

"मी काय करू?" थोरल्यांनी विचारलं. पूर्वी हा प्रश्न या शेडमध्ये त्यांना विचारला जायचा.

धाकट्याने विचार केला. स्टुलावर त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते, त्यामुळे तो जरा अवघडून विचार करत होता. "दादा, ज्या निवडत नाही त्यांना परत पाण्यात सोडायचं काम तू घे. लहान असतात, जपून सोडावं लागतं. ऐऱ्यागैऱ्याच्या हातात ते देणार नाही मी."

थोरल्यांना कळत होतं की हे काम कुणीही करेल. धाकट्याला कळत होतं की त्यांना कळतंय. "बरं," थोरले म्हणाले. "जपूनच सोडतो."

दुपारपर्यंत धक्क्यावरची सगळी पकड टेबलावरून गेली. धाकटा बोट दाखवायचा, सून बोलायची, आणि दोनदा तिने त्याची चूक काढली तर तो हसला. बाई शेवटपर्यंत उभ्या होत्या आणि एकेका मादीखाली बॅटरी धरून मान डोलवत होत्या. इतक्या चांगल्या भरलेल्या माद्या एका दिवसात त्यांना कधी मिळाल्या नव्हत्या. त्यांनी त्या स्वतः एका बादलीत मोजून ठेवल्या, झाकण लावलं, परत सोडायच्या लहानग्यांच्या तशाच झाकणाच्या बादलीशेजारी ती ठेवली, आणि गाडीवाल्याला हाक मारायला गेल्या.

थोरल्यांनी हाताला पहिली लागली ती बादली उचलली, पायऱ्या उतरून पाण्यात गुडघाभर गेले, झाकण काढलं, आणि एकेक ओंजळ भरून, कुणाला इजा होऊ न देता, सगळ्या खाडीत सोडल्या. हॅचरीच्या गाडीत दुसरी बादली गेली.